उत्रोलीची बदललेली म्हैस

मला क्षयरोग झालाय हे ज्या फोनवर कळलं, त्या फोनवरचं पहिलं वाक्य असं होतं : "हॅलो, पासलीच्या चौथ्या वेताच्या म्हशीचे मालक बोलताय का?"

मी म्हणालो, "मालक नाही, तपासणारा बोलतोय. काय झालं म्हशीला?"

"ते सांगतो. पण ही म्हैस डबीत थुंकायला शिकली कशी, ते आधी तुम्ही सांगा."

फोन भोरच्या सरकारी दवाखान्यातल्या प्रयोगशाळेतून होता. सकाळची थुंकी आणून द्या म्हणून त्यांनी मला एक डबी दिली होती. डबीवर नाव घालायचं होतं. चष्मा सापडेना. शर्टाच्या खिशात आमच्या कामाचं एक स्टिकर होतं, पासलीच्या गोठ्यात लिहून ठेवलेलं आणि न वापरलेलं. रोज म्हशींच्या रक्ताच्या नळ्यांवर स्टिकरं चिकटवणारा माझा हात, त्यानं सवयीनं तेही चिकटवून टाकलं. गाव पासली, जनावर म्हैस, वेत चौथं, दुभती. खाली माझा मोबाईल नंबर. प्रयोगशाळेची खिडकी अजून उघडायची होती, म्हणून डबी तिथल्या ट्रेमध्ये ठेवून मी ऐटीत चहा प्यायला गेलो.

आम्ही दोघंही फोनवर पोटभर हसलो. हसता हसता मला खोकल्याची उबळ आली आणि पलीकडचा पोरगा एकदम गप्प झाला.

"म्हणजे काका, डबी तुमची?"

"माझीच."

"आज येऊन जाता का? मास्क लावून या. आणि घरात कुणी लहान मूल, म्हातारं माणूस किंवा गरोदर बाई असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा."

मी स्वयंपाकघराकडं पाहिलं. माझी मुलगी मीनल, सातव्या महिन्याची, पहिलटकरीण, आईशेजारी पाटावर बसून खोबरं किसत होती. डिंकाच्या लाडवांची तयारी चालली होती. ती पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती आणि आल्या दिवसापासून रोज संध्याकाळी माझ्या खांद्याला टेकून टीव्ही बघत होती.

*

क्षय म्हणजे काय, हे मी दुसऱ्यांना सांगून पोट भरतो. शिक्षण गुरांच्या दवाखान्याच्या पदविकेपुरतं. पण खेड्यात ज्याच्या हातात सुई तो डॉक्टर, त्या हिशेबानं मीही डॉक्टर. गेली काही वर्षं पुण्याहून येणाऱ्या संशोधकांच्या एका तुकडीबरोबर मी भोर-वेल्ह्याच्या गावांत फिरतो. तुकडीच्या प्रमुख डॉ. रेवती मॅडम. काम असं, की डोंगरातला गवा आणि गोठ्यातली म्हैस एकाच ओढ्यावर पाणी पितात, एकाच बांधावर तोंड घालतात; तर मग क्षय कोण कुणाला देतं, आणि या देवाणघेवाणीत माणूस कुठं बसतो, ते शोधायचं. गवा काही मान पुढं करून उभा राहत नाही. त्यामुळं त्याचं शेण गोळा करायचं, आणि कुठं मेलेला सापडला तर वनखात्याच्या माणसांबरोबर जाऊन त्याची फुप्फुसं बघायची. म्हशीचं सोपं. मानेच्या डाव्या बाजूचे केस चौकोनी कापायचे, कातडीत थोडंसं औषध टोचायचं आणि तीन दिवसांनी परत येऊन सूज मोजायची. सूज आली तर ते जनावर आमच्या भाषेत 'रिअॅक्टर'. त्याला वेगळं बांधायला सांगायचं, दूध विकू नका म्हणायचं. बोलायला एवढंसं वाटतं. पण हे ऐकणाऱ्या घराचा चेहरा मी पुष्कळदा पाहिलाय.

आणि आता उत्रोलीचं सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं तिथं जाऊन अडकतं.

उत्रोलीला माझे व्याही राहतात. बबनराव. भातशेती, दोन म्हशी, एकुलता मुलगा, म्हणजे आमचा जावई. बायको लवकर गेलेली, त्यामुळं घरात बाईमाणूस म्हणजे आमची मीनलच. गेल्या वर्षी आमची तपासणी उत्रोलीत आली आणि मी व्याह्यांच्या मोठ्या म्हशीला स्वतः सुई टोचली. तिसऱ्या दिवशी मोजायला गेलो तर म्हैस शांत उभी, मान सपाट, सूज नाही. मी खूश. सूज मोजायचा कॅलिपर लावायला वाकलो आणि बघतो तर केस उजव्या बाजूचे कापलेले!

आमची पद्धत डाव्या बाजूची. व्याह्यांच्या म्हशीला सूज आली होती. ती बघून त्यांनी भावाच्या गोठ्यातली तशीच दिसणारी म्हैस आणून उभी केली होती, घाईघाईत तिची मान भादरली होती आणि गडबडीत बाजू चुकली होती.

शहाण्या माणसानं व्याह्यांना बाजूला घेऊन हळूच सांगितलं असतं. मी अर्ध्या आळीसमोर भाषण केलं. म्हणालो, "पाव्हणं, म्हैस बदललीत, पण रोग कसा बदलाल? लपवून कुणाचं भलं झालंय? उद्या घरात लहान मूल येईल, त्याचा तरी विचार करा."

बबनरावांनी टोपी काढली, झटकली आणि परत घातली. दिवाळीला मीनलला सोडायला आले तेव्हाही उंबऱ्यातूनच परत गेले. चहासुद्धा घेतला नाही.

*

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. माझ्या छातीचा फोटो उजेडाला धरून त्यांनी विचारलं, "घरी कोण कोण असतं?" मी सांगितलं.

तुमच्यापैकी कुणाच्या वाट्याला हा दिवस आला, तर एक सांगून ठेवतो. त्या दिवशी डॉक्टर जे बोलतात त्यातलं निम्मंही डोक्यात राहत नाही. रोग बरा होतो, गोळ्या नियमित घ्या, अर्धवट सोडू नका, असं त्या बोलत होत्या. हेच मी म्हशीच्या मालकांना कितीदा तरी बोललो असेन. पण माझ्या डोळ्यांसमोर एकच : सोफा, टीव्ही, बंद खिडक्या, थंडी आहे म्हणून मीच लावलेल्या, आणि माझ्या खांद्यावर मीनलचं डोकं.

त्यांनी उज्ज्वलाला, म्हणजे माझ्या बायकोला, आणि मीनलला बोलावून घेतलं. दोघींच्या हाताच्या आतल्या बाजूला कातडीत सुई टोचली.

मीनल हसून म्हणाली, "बाबा, केस नाही कापले माझे?"

उज्ज्वलानं तिच्याकडं असे डोळे वटारले, की पोरीचं हसू तिथंच थांबलं. मला मात्र तिच्या हातावरचा तो मसुराएवढा फुगवटा बघवेना. जनावरांच्या मानेवर असे किती उठवले असतील! मुलीच्या गोऱ्या हातावर तोच फुगवटा बघितला आणि पहिल्यांदाच कळलं, की सुई टोचून आम्ही जीपमध्ये बसून निघून जायचो तेव्हा मागं त्या घरांत काय चालत असेल.

नर्सबाई म्हणाल्या, "परवा दाखवायला या. तोवर खाजवू नका."

*

घरी आल्यावर उज्ज्वलानं हुकूम काढला : मी माडीवर. माझं ताट, तांब्या, टॉवेल सगळं वर. खिडक्या उघड्या. मीनल खाली, मागच्या खोलीत. इथपर्यंत ठीक होतं. मीच लोकांना शिकवलेले नियम. पण पुढचा नियम तिचा स्वतःचा होता.

"कुणालाही सांगायचं नाही. कुणी विचारलं तर तुम्ही पासलीला कामाला गेलाय, तिकडंच मुक्काम आहे."

"अगं, शफीकभाईला तर सांगावंच लागेल. रोज जीपमध्ये माझ्याशेजारी बसतो तो."

"त्याला सांगा. मॅडमना सांगा. पण उत्रोलीला कळता कामा नये. मीनलचा निकाल येईपर्यंत तरी नाही."

"आणि निकाल वाईट आला तर?"

ती खाली गेली आणि किती तरी वेळ लाडवांचं पातेलं घासत राहिली. लाडू अजून वळायचे होते. पातेलं स्वच्छच होतं.

मॅडमना फोन केला. त्या काळजी घ्या म्हणाल्या. मग अगदी जपून म्हणाल्या, "आणि दादा, सध्या कुठल्याही गोठ्यात जाऊ नका हं." म्हणजे म्हशींच्या जिवाला धोका नको म्हणून मला सुट्टी मिळाली. माझ्या नोकरीत हे पहिल्यांदाच घडत होतं. पासलीत मात्र मी कामावर दिसेना म्हणून वेगळीच बातमी पसरली होती. त्याआधी तिथल्या ओढ्यात एक मेलेला गवा सापडला होता, त्याची फुप्फुसं काढायला मी होतो. लोकांनी ठरवून टाकलं, की गव्यानं डॉक्टरला धरलं.

शफीकभाई, आमच्या जीपचा ड्रायव्हर, भोरचाच. त्याची तपासणी नीट निघाली. अंगणात उभा राहून त्यानं वर हाक मारली, "साहेब! म्या ठणठणीत हाय. जीपचा एसी बंद पडलाय म्हणून तुमी मला लई बोलायचा न्हवं? काचा खाली म्हणून वाचलो म्या!" आणि उकडलेल्या अंड्यांची पिशवी कडीला अडकवून गेला. त्या बंद एसीबद्दल मी त्याची पुण्याला तक्रार करणार होतो. ती राहून गेली, हे किती बरं झालं.

माडीवर बसून मला ऐकू यायचं ते खालचं घर. मीनलचा हसण्याचा आवाज कमी झाला होता. ती खोकली की मी जिन्याच्या तोंडाशी यायचो. एकदा ठसका लागून खोकली, नुसता पाण्याचा ठसका, आणि जिन्यावर उज्ज्वलाची पावलं धावत खाली गेलेली ऐकली. मी वरून ओरडलो, "काय झालं?" मग मीनलचाच आवाज आला, "बाबा, काही नाही हो. लाडू घशात अडकला." मी खाटेवर परत बसलो.

*

निकालाच्या दिवशी सकाळीच अंगणात मोटारसायकल वाजली. दवाखान्यात निघायची तयारी चालली होती. माडीच्या खिडकीतून खाली पाहिलं तर टोपी दिसली. बबनराव.

मी खिडकीपासून मागं सरकलो. पुढचं सगळं जिन्याच्या तोंडाशी बसून ऐकलं.

"ताई, वाईच तांदूळ आणलंत नवं. पोरीला पेज करून घाला." पिशवी ठेवल्याचा आवाज. "पाव्हणं कुठं गेलं?"

"पासलीला गेलेत, अण्णा. कामाला. तिकडंच मुक्काम आहे."

"असं व्हय? मोटारसायकल तर हितंच दिसतीय."

"जीपनं गेलेत."

"शफीक बाजारात भेटला मला. त्यो म्हणला, जीप गॅरेजात हाय."

आणि नेमकी तेव्हाच मला उबळ आली. तोंडावर टॉवेल दाबला, उशी दाबली, पण खोकला काय असा आवरतो? आतल्या आत फुटला आणि जिन्यातून खाली गेला.

उज्ज्वला म्हणाली, "मांजर आहे."

बबनराव म्हणाले, "गुरांच्या डाक्टरच्या घरचं मांजर. लई मोठा खोकला झालाय त्याला. दावा तरी कुणाला."

आता सांगतो, त्या क्षणी मला लाजबीज वाटली नाही. उलट हसू आलं आणि त्याच हसण्यात डोळ्यांत पाणी आलं. खाली माझी बायको भादरलेली म्हैस पुढं करायचा प्रयत्न करत होती आणि बाजू चुकली होती. मास्क लावला आणि जिना उतरलो. अर्ध्यावरच थांबलो, खिडकीपाशी, जिथं वारा होता.

"बबनराव, मीच आहे. क्षय झालाय. फुप्फुसांचा. मीनल आल्यापासून माझ्याबरोबर याच घरात होती. तिला टोचलंय, आज निकाल आहे. तुमच्यापासून लपवलं."

उज्ज्वला खुर्चीवर बसली. मीनल मागच्या खोलीच्या दारात आली, पोटावर हात ठेवून.

बबनरावांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग उज्ज्वलाकडं वळून विचारलं, "ताई, ह्ये पाव्हणं तेच हायती न्हवं? का बदलल्यात?"

मीनलच्या तोंडून हसू फुटलं आणि दुसऱ्या क्षणी ती रडायला लागली. बबनराव उठून तिच्याजवळ गेले. त्यांचा आवाज एकदम खाली आला. "रडू नगं बाय. म्या हाय."

मग माझ्याकडं बघून, पण टोमण्याशिवाय, "निकाल काय बी येऊ द्या, डाक्टर. पोरगी उत्रोलीला येणार. हितं न्हाई ठेवायची."

"पहिलं बाळंतपण माहेरीच होतं, अण्णा," उज्ज्वला म्हणाली. "तिकडं तिचं करायला बाई कुठंय?"

"म्हणून तर म्हनतो, तुमी बी चला."

असं कुणी केल्याचं ऐकलंय? मुलीच्या बाळंतपणाला आईनं व्याह्यांच्या घरी जाऊन राहायचं! उज्ज्वलानं माझ्याकडं पाहिलं. आमच्या घरातली दूषित हवा माझीच होती.

*

दवाखान्यात आम्ही वेगवेगळे गेलो. त्या दोघी रिक्षातून, मी चालत, बबनराव मोटारसायकलवर हळूहळू माझ्याबरोबर. अंतर ठेवून. एकदा म्हणाले, "दम लागला का?" मी म्हणालो, "नाही." तरीही त्यांनी गाडी थांबवली आणि मला श्वास घेऊ दिला.

बाहेरच्या बाकावर नर्सबाई येईपर्यंत थांबायचं होतं. मीनलनं शालीतून हात काढला आणि लांबूनच माझ्यापुढं धरला. "बाबा, आधी तुम्हीच बघा."

"मी नको. नर्सबाई बघतील."

"तुम्हीच बघा. तुम्हाला कळतं यातलं."

अंधारात, पावसात, लाथा झाडणाऱ्या म्हशींच्या मानेवर माझ्या बोटांना सुजेची कड सापडते. मी हात सॅनिटायझरनं धुतला, एका बोटानं तिच्या हातावरून फिरवलं, आणि मला काहीच कळेना. बोट बधिर झालं होतं. सूज आहे की माझंच बोट थरथरतंय? पुन्हा फिरवलं. तिसऱ्यांदा फिरवलं. डोळे मिटून.

"बाबा?"

"सपाट आहे," मी म्हणालो, आणि स्वतःवरच विश्वास बसेना म्हणून परत म्हणालो, "सपाट आहे गं."

नर्सबाईंनी मोजपट्टी लावून तेच सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी मीनलची छाती तपासली, बरंच काही विचारलं आणि सांगितलं की आज तरी काही दिसत नाही. पण लक्ष ठेवायचं, पुन्हा तपासायचं, आणि मी खोकत असेपर्यंत तिनं या घरात राहायचं नाही. बबनरावांनी टोपी काढली, झटकली आणि परत घातली. यावेळी मला ते निराळं दिसलं.

मग नर्सबाई म्हणाल्या, "आणि ताई, तुमचा हात?"

उज्ज्वलानं स्वेटर घातला होता. थंडीच होती, म्हणून मला त्यात काही वेगळं वाटलं नव्हतं. तिनं बाही वर केली. हातावर लाल, टणक, रुपयाएवढी सूज. ती आदल्या रात्रीपासून असणार. तिनं ती कुणाला दाखवली नव्हती, कारण घरात त्या दिवशी सगळ्यांचं लक्ष दुसऱ्या एका हाताकडं होतं.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "माझं राहू द्या. पोरीचा आला ना नीट?"

तिचा फोटो काढला. छाती स्वच्छ निघाली. जंतू शरीरात शिरलाय, पण आजार नाही. तो होऊ नये म्हणून गोळ्या घ्यायच्या आणि घरी जायचं. बाळंतिणीजवळ राहायला हरकत नाही. हे सगळं डॉक्टरीणबाईंनी दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा मी ऐकलंच नाही. मी तिच्या हाताकडं बघत होतो. आमच्या घरात रिअॅक्टर तीच होती, आणि त्या सगळ्या दिवसांत माझं ताट वर आणून देणारीही तीच.

*

दोघी उत्रोलीला गेल्या, लाडवांच्या डब्यासकट. मी एकटा राहिलो.

गोळ्यांचं एवढंच सांगतो की त्या पुष्कळ असतात आणि पहिल्या दिवशी लघवी केशरी होते. मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. मी मोरीतूनच डॉक्टरीणबाईंना फोन लावला होता. सुरुवातीला मळमळायचं, अन्नाचा वास नकोसा व्हायचा, सांधे दुखायचे. वजन घटलं, पँटला दोरी बांधायला लागली. खिचडी मला करता येते असा माझा समज होता. तो दोन पातेली जळाल्यावर गेला आणि शफीकभाईच्या घरून डबा यायला लागला. त्याची बायको त्यात रोज काहीतरी गोड घालायची आणि शफीकभाई रोज म्हणायचा, "ह्ये तुमच्यासाठी न्हाई, गोळ्या कडू असत्यात म्हणून गोळ्यांसाठी हाय."

गोळ्या आणायला दवाखान्यात जायचो तेव्हा बाकावर आम्ही काही जण ओळखीचे झालो. एक मुलगी तोंडावर ओढणी घट्ट बांधून भिंतीकडं तोंड करून बसायची. सासरी माहीत नव्हतं. मी तिला माझ्या डबीवरच्या म्हशीची गोष्ट सांगितली. ती ओढणीच्या आत हसली, आणि पुढच्या वेळी भिंतीकडं न बघता बसली. एवढंच. मी तिला काही उपदेश केला नाही. ते माझं मी उत्रोलीच्या आळीत करून घेतलं होतं.

माझ्या डबीतला जंतू मॅडमनी पुढं तपासायला पाठवला होता. निकाल आला तेव्हा त्या स्वतः सांगायला आल्या, ओट्यावर बसल्या. जंतू जनावरांचा नव्हता, माणसांचा होता. म्हणजे गवा निर्दोष. इतकी वर्षं गोठ्यांत आणि मेलेल्या जनावरांत काढली, आणि आजार दिला तो कुठल्या तरी चहाच्या टपरीवर किंवा एसटीत शेजारी बसलेल्या माणसानं. पासलीच्या लोकांना हे सांगितलं तर त्यांना पटलं नाही. गवा जास्त रंगतदार होता.

मॅडम जाताना म्हणाल्या, "आता आपल्याला हेही बघावं लागेल दादा, की माणसांकडून म्हशींना किती जातो." मी मान हलवली. मनात मात्र उत्रोलीची म्हैस होती. मी तिच्या मालकाला सुनावलं होतं. तिला तरी कुणी दिला असेल?

दोन महिन्यांनी थुंकी तपासली तेव्हा जंतू दिसले नाहीत. त्याच आठवड्यात मीनल बाळंत झाली. मुलगी. दोघी सुखरूप. फोनवर मला रडण्याचा आवाज ऐकवला. मी माडीवर फोन कानाला धरून उभा होतो आणि खिडकी उघडीच होती.

*

बारशाला जायची डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली होती. आत जायलाही हरकत नाही म्हणाल्या होत्या. पण मीच ठरवलं, आत जायचं नाही. ते काही शहाणपण नव्हतं. भीती होती. ती भीती गोळ्यांनी गेली नव्हती.

उत्रोलीत भात कधीच निघाला होता. वाफ्यांतून वाल उभे होते. बबनरावांच्या घराच्या पलीकडं, शेताच्या कडेला आंब्याखाली एक नवं छप्पर दिसलं. छपराखाली म्हैस. मोठी. तीच. मी शिंगं बघूनच ओळखली. वेगळी दावण, वेगळी घमेली.

बबनराव खाट घेऊन आले, म्हशीपासून हाताला लागणार नाही एवढ्या अंतरावर टाकली. "हितं बसा, डाक्टर. आंगण समूर दिसतंय हितनं." मग म्हशीच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "हिच्याकडं बी लई दिवसांत कुणी पाव्हणं आलं न्हाई."

"कधीपासून बांधली वेगळी?"

"तुमी बोलला त्या दिवसापासनं." त्यांनी टोपी नीट केली. "तुमाला सांगायला जीभ वळंना, एवढंच."

ओटीवर पाळणा बांधला होता. बायका गाणी म्हणत होत्या. उज्ज्वला मध्ये उभी राहून सगळ्यांना हुकूम सोडत होती. व्याह्यांच्या घरात! नाव ठेवून झाल्यावर मीनल बाळाला घेऊन अंगणात उतरली, आंब्याच्या सावलीच्या कडेपर्यंत आली आणि तिनं कुंची जराशी बाजूला केली. इवलंसं तोंड. डोळे मिटलेले. मी मास्कच्या आत काहीतरी बोललो, काय ते आठवत नाही. बाळानं जांभई दिली. शेजारी म्हैस रवंथ करत होती. तिनंही बघितलं असावं.

परत निघालो तेव्हा उज्ज्वला मला एसटीच्या फाट्यापर्यंत सोडायला आली. ती आणखी काही दिवस तिथंच राहणार होती. रस्ताभर ती बाळाच्या मालिशीबद्दल आणि बबनरावांच्या चुलीबद्दल बोलत होती. फाट्यावर थांबलो आणि इतके महिने मनात ठेवलेलं मी विचारलं, "खरं सांग, तेव्हा मला माडीवर का लपवलंस? उत्रोलीत तोंड दाखवायची लाज वाटली?"

तिनं पदर खोचला. लांबून एसटी येताना दिसत होती.

"अण्णांनी म्हैस बदलली, कारण भावाच्या गोठ्यात त्यांना दुसरी होती," ती म्हणाली. "तुमच्या जागी मी कुणाला उभं करणार होते? म्हणून लपवलं." आणि मग हात दाखवून गाडी थांबवत, "चला, बसा आता. खिडकीपाशी बसा. आणि काच उघडी ठेवा."